कपाटातली तुळस

सदर : घरातली हिरवाई



मागच्या अंकात आपण बाल्कनीतल्या मेथी-कोथिंबिरीपर्यंत आलो होतो. या वेळी बाल्कनी सोडून थेट कपाटात शिरायचं आहे. हॉस्टेलवर किंवा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारी आपली बरीच मुलंमुली विचारतात, "ऊन येतच नाही, तर काय करू?" अशांसाठी बाजारात आता 'ग्रो टेंट' मिळतो. जाड कापडाचा, आतून चकचकीत चंदेरी अस्तराचा, चेन लावलेला एक तंबू. त्यात दिवा टांगायचा, पंखा लावायचा, कुंड्या ठेवायच्या. उन्हाची गरज नाही आणि बाहेरून कुणाला काही दिसतही नाही.

हे 'कुणाला काही दिसत नाही' प्रकरण आमच्या घरात कसं घडलं आणि कसं निस्तरलं ते आज सांगते. त्या ओघात टेंट बसवायचा कसा, हेही सांगून होईल.

पुडी राहून गेली

आम्ही ग्वाल्हेरचे. इथली थंडी ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगते, जानेवारीत रात्रीचा पारा चार-पाच अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातो. धुकं असं पडतं की दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. गहू-मटारला हे मानवतं. तुळशीला नाही. तुळस उबेतली बाई. पारा दहाच्या खाली राहू लागला की पानं काळवंडतात, गळतात आणि संक्रांतीपर्यंत वृंदावनात नुसत्या काड्या उरतात. संध्याकाळी तुळशीवर जुनं धोतर पांघरायची आमच्याकडे पद्धत आहे. धोतराने दव अडतं, पण ऊन कुठून आणायचं?

तरी आमच्या घरात तुळशीची परंपरा कधी तुटली नव्हती, कारण सासऱ्यांची शिस्त. दर वर्षी दिवाळीच्या आत ते मंजिऱ्या वाळवून, चोळून, बी कागदाच्या पुडीत भरून देवघराच्या फळीवर ठेवत. थंडीत तुळस गेली तरी होळीनंतर त्याच बियांची रोपं यायची. लष्करमधल्या जुन्या वाड्यातून आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सामानाच्या पहिल्या खेपेत ही पुडी होती.

काही वर्षांपूर्वी श्रावणात ते गेले. त्याआधी दोन महिने दवाखान्यात होते. त्या धावपळीत मंजिऱ्या कुणी खुडल्या नाहीत, पुडी कुणी केली नाही. रोप बी धरून धरून दमलं आणि बी वाऱ्यावर गेलं. त्या वर्षी सणवार नव्हते, तुळशीचं लग्नही नव्हतं. सासूबाई रोज पाणी घालायच्या आणि म्हणायच्या, "ह्या थंडीत ही जाणार." मी म्हटलं, "आई, नर्सरीतून नवीन आणू." त्या फक्त म्हणाल्या, "ती आणलेली असेल."

आमचे चिरंजीव तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. हा संवाद त्याने ऐकला असावा. दिवाळीच्या सुमारास त्याने गुपचूप तुळशीच्या चार फांद्या कापून पाण्यात ठेवल्या. तुळशीच्या कोवळ्या फांदीला पाण्यात दोन आठवड्यांत मुळं फुटतात. मामाने दिवाळीला दिलेल्या पैशांतून एक टेंट मागवला आणि सामानाच्या खोलीतल्या भिंतीतल्या अलमारीत उभा केला. अलमारी साडेतीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल, टेंट दोन बाय दोन आणि पाच फूट उंच. शेजारी दीड फूट जागा उरली. दार लावलं की कुणाला पत्ता नाही.

आजीला का नाही विचारलं? तो म्हणाला, "नाहीच म्हणाली असती. तुळस अलमारीत? जुन्या चपला आणि सूटकेसच्या शेजारी?" खरंच होतं ते.

दिव्याचा अभ्यास पक्का, हवेचा कच्चा

पोरांचं असंच असतं, सगळं लक्ष दिव्याकडे. दिवा दिसतो, हवा दिसत नाही. दिव्याचं त्याने छान केलं होतं, म्हणून ते आधी सांगते.

दोन बाय दोनच्या टेंटमध्ये तुळस, पुदिना, कोथिंबीर, मिरचीची रोपं एवढंच करायचं असेल तर खऱ्या ६० वॅटचा एलईडी दिवा पुरतो. 'खऱ्या' अशासाठी म्हणते की खोक्यावर कधी कधी '१००० वॅट' छापलेलं असतं. तो आकडा सोडून द्या. भिंतीतून दिवा किती वीज ओढतो, तो आकडा बघा. रोपांच्या शेंड्यापासून दिवा साधारण फूट-दीड फूट वर टांगायचा. तळहाताची मागची बाजू शेंड्याच्या उंचीवर अर्धा मिनिट धरा. हाताला चटका जाणवला तर रोपालाही जाणवतो आहे.

आता हवा. हिची गरज तीन कामांसाठी. पहिलं, दिवा जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. ती बाहेर काढायची. दुसरं, रोपाला घातलेलं पाणी पानांतून आणि मातीतून वाफ होऊन बाहेर पडतं. तो दमटपणा काढायचा. तिसरं, पानं कार्बन डायऑक्साइड घेतात. बंद डब्यात तो संपत जातो. ताजी हवा आत यायला हवी.

चिरंजीवांनी पंखा लावला होता. टेंटच्या वरच्या भोकातून हवा बाहेर फेकत होता. पण टेंटच्या बाहेर, म्हणजे कुठे? अलमारीत. आणि अलमारीचं दार बंद. म्हणजे तीच गरम, दमट हवा खालून परत टेंटमध्ये. पंखा फिरत होता, आवाज येत होता, पण हवा मात्र जिथल्या तिथे.

काळा कोट

त्या अलमारीच्या उरलेल्या दीड फुटात सासऱ्यांचा काळा लोकरी कोट टांगलेला होता. ग्वाल्हेरच्या तीस-पस्तीस थंड्या त्यांनी त्या कोटात काढल्या. ते गेल्यावर कपडे वाटून झाले. हा एक सासूबाईंनी ठेवून घेतला, कापडी पिशवीत घालून.

डिसेंबरच्या मध्यावर एका दुपारी त्यांनी मला तो काढून आणायला सांगितला. मी अलमारी उघडली. आतून कोमट, ओल्या मातीचा वास आला. जांभळ्या उजेडात एक तंबू गुरगुरत होता. कोटाची पिशवी हाताला ओलसर लागली. कोट बाहेर काढला तर खांद्यांवर आणि पाठीवर पांढरी बुरशी, पीठ भुरभुरवावं तशी.

हे का झालं, ते नीट समजून घ्या, कारण हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. तो रोज एक मोठा ग्लास, म्हणजे पाव लिटर पाणी घालत होता. महिन्याचे साडेसात लिटर. झाडं लहान होती, त्यांनी अंगात ठेवलं असेल ते थोडंच. बाकीचं सगळं वाफ होऊन त्या बंद खणात फिरत होतं. त्यात अलमारीची मागची भिंत उत्तरेची, बाहेरची. हवा २० अंशांवर असेल आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या किंवा त्याहून थंड पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसंच. डिसेंबरच्या रात्री आमची ती भिंत १२ अंशांच्या खालीच असते. भिंत घामेजली, कोट भिंतीला टेकलेला होता.

मी कोट घेऊन सासूबाईंपुढे उभी राहिले. काय बोलू कळेना. तेवढ्यात चिरंजीव कॉलेजमधून आले आणि कोट बघूनच समजले. "आजी, चूक माझी आहे," म्हणाला आणि रडायलाच लागला. वीस वर्षांचा घोडा!

सासूबाईंनी कोट हातात घेतला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा आधी गच्चीवर नेऊन उन्हात घाल. घरात झटकू नकोस, बाहेर ब्रशने झाड. आणि मला दाखव काय केलंयस ते."

"हिला वारा कुठून येतो?"

गुडघे धरत त्या सामानाच्या खोलीत आल्या. त्याने टेंटची चेन उघडली. आत चार कुंड्या. एक रोप मातीजवळ कुजून आडवं झालेलं. तीन उभी होती, पण पिवळट, लांबुडकी. मी मनात देवाचं नाव घेतलं. आता चपला, सूटकेस, सोवळं-ओवळं यावर काहीतरी ऐकायला मिळणार.

त्यांनी विचारलं ते एवढंच : "हिला वारा कुठून येतो?"

त्याने खालचं भोक दाखवलं. त्यांनी हात धरला. "हा तर गरम आहे. बाहेरचा कुठे आहे?" मग वरचं भोक. "हा जातो कुठे?" तो गप्प. दिव्याचे रंग, लाटा, वॅट सगळं पाठ असलेल्या मुलाला हा प्रश्न पडलाच नव्हता. साठ वर्षं झाडांना पाणी घालणाऱ्या बाईला पहिला तोच पडला.

मग म्हणाल्या, "तुळस जगवायची होती तर मला सांगायचं. मी काय नको म्हटलं असतं?" तो म्हणाला, "हो." त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. "म्हटलं असतं खरं. पण वाऱ्याचं विचारलं असतं."

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं कागद-पेन घेऊन बसलो.

पुन्हा मांडणी, या वेळी सगळ्यांसमोर

आधी हिशेब. दोन गुणिले दोन गुणिले पाच म्हणजे २० घनफूट. टेंटमधली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलली तर उत्तम. म्हणजे मिनिटाला २० घनफूट हवा ओढणारा पंखा हवा. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा 'सीएफएम' म्हणून लिहिलेला असतो. मात्र तो मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळणं, जाळी आली की प्रत्यक्ष हवा निम्म्यावर येते, म्हणून आकडा गरजेच्या दुप्पट-अडीचपट बघून घ्यावा. कॉम्प्युटरमध्ये असतो तसा १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा आखूड पाइपवर तुळशीपुरता चालतो. पाइप लांब असेल किंवा फिल्टर लावायचा असेल तर मात्र पाइपात बसणारा चार इंची 'इनलाइन' पंखा आणि त्याला वेग कमी-जास्त करायचं बटण हवं.

मग हवेची वाट. बाहेर जाणारी हवा वरून, कारण गरम हवा वर जाते. आत येणारी खालून, समोरच्या बाजूने, म्हणजे ती रोपांमधून तिरकी वर जाते. आत येणारी भोकं बाहेर जाणाऱ्या भोकाच्या दुपटीने मोठी ठेवा. तिथे पंखा लागत नाही. चेन बंद केल्यावर टेंटच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या तर समजा की हवा बरोबर वाटेने चालली आहे. भिंती फुगल्या तर काहीतरी उलटं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सासूबाईंचा प्रश्न : ही हवा शेवटी जाते कुठे? आम्ही सामानाच्या खोलीच्या रोशनदानाची एक काच काढून तिथे प्लायवूड बसवलं, त्याला चार इंची भोक पाडलं आणि टेंटपासून तिथपर्यंत पाइप नेला. पाइप ताणून, सरळ, एकच वळण. लोंबकळणाऱ्या पाइपात हवा अडते आणि वाफेचं पाणीही साचतं. पंखा आणि पाइप यांचा जोड आइसक्रीमच्या डब्याचा आहे, दिसायला गबाळा, कामाला चोख. अलमारीच्या दाराची खालची फळी काढून जाळी बसवली, म्हणजे खोलीतली ताजी हवा आत येते. टेंट मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. आणि अलमारीतला बाकी प्रत्येक कपडा, प्रत्येक कागद बाहेर काढला. ज्या कपाटात टेंट, त्यात दुसरं काही नाही, हा नियम करूनच टाका. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर झोपायच्या खोलीत टेंट नकोच. बुरशीचा त्रास आधी अशा माणसाला होतो.

आत एक छोटा क्लिपचा पंखा लावला, रोपांवर थेट नाही, त्यांच्या डोक्यावरून वारा जाईल असा. पानं जराशी हलली पाहिजेत, फडफडता कामा नयेत. त्या हलण्यानेच खोड जाड होतं. ती तीन लांबुडकी रोपं पंधरा दिवसांत सावरून उभी राहिली.

दोन-अडीचशे रुपयांचा तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मीटरही टांगला. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत ठेवायची. ७० च्या वर राहू लागली तर पाणी कमी करा, पंखा वाढवा.

पहाटे चारची तडजोड

थंडीत हवा बदलली तर ऊब निघून जाणार नाही का? जाणार. पण किती, ते मोजता येतं. ६० वॅटचा दिवा आणि मिनिटाला २० घनफूट हवा, या हिशेबाने टेंटच्या आतलं तापमान खोलीपेक्षा साधारण पाच अंश जास्त राहतं. हवा निम्मी केली तर दहा अंश. खोली १३ अंशांवर असेल तर टेंट १८ च्या आसपास. तुळशीला एवढं पुरे. हाच हिशेब उन्हाळ्यात उलटा लागतो. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की टेंट ४३ वर. म्हणून आपल्या भागात हे थंडीचं यंत्र आहे, होळीला गुंडाळून ठेवायचं.

ऊब दिव्याची, तर दिवा थंडीच्या वेळी लागायला हवा. चिरंजीवांचं म्हणणं, दिवा रात्रभर चालू ठेवू, दिवसा झाड झोपेल. शास्त्राने ते बरोबर आहे, झाडाला घड्याळ कळत नाही. पण सासूबाई ऐकेनात. "दिवेलागणीनंतर आपण तुळशीला हात लावत नाही आणि तू तिला रात्रभर जागवणार?" शेवटी ठरलं : दिवा पहाटे चारला लागेल, संध्याकाळी सहाला विझेल. चौदा तास उजेड, दहा तास अंधार. सगळ्यात कडक थंडी असते ती सूर्योदयाच्या आधीच्या तीन-चार तासांत. ते बरोबर सापडले. आणि तुळस ब्राह्ममुहूर्तावर उठते म्हटल्यावर सासूबाईंचाही मान राहिला. टायमर लावला की कुणाला उठावं लागत नाही.

विजेचं विचाराल तर ६० वॅट चौदा तास म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला २५. पाच वॅटचा पंखा चोवीस तास धरला तर आणखी साडेतीन. पंखे दोन असतील तर सात. आपल्या गावच्या दराने गुणून बघा.

विजेशी आणि पाण्याशी एकाच जागी खेळताना

टेंटला स्वतंत्र तीन पिनांचं, अर्थिंग असलेलं सॉकेट द्या. एका एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडू नका. अडॅप्टर आणि टायमर जमिनीवर नको, कुंड्यांच्या पातळीच्या वर, टेंटच्या बाहेर, भिंतीला. प्रत्येक वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. घराच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. नसेल तर टेंटच्या आधी तो. पाणी घालताना दिवा बंद. आणि टेंटमध्ये निरांजन, उदबत्ती काही नाही. आमच्याकडे निरांजन खोलीच्या उंबऱ्याशी, स्टुलावर लागायचं.

आवाजाचा त्रास होत असेल तर पंखा स्क्रूने घट्ट बसवण्याऐवजी रबराच्या पट्ट्यांनी टांगा आणि मोठा पंखा कमी वेगाने चालवा. लहान पंखा पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा तो शांत असतो. वासासाठी कोळशाचा फिल्टर विकतात. तुळस-पुदिन्याला तो लागत नाही, उलट त्याने हवा अडते.

जांभळा उजेड आणि समोरच्या भाभी

एक गोष्ट राहिली. रोशनदानातून जांभळा उजेड दिसायला लागल्यावर समोरच्या भाभींनी मला गेटवर गाठून हळूच विचारलं, "बेटा ऊपर कुछ... उगा रहा है क्या?" त्यांचं चुकलं नाही. बंद कपाटातले टेंट कशासाठी वापरले जातात याच्या बातम्या त्यांनीही वाचलेल्या. मुलांनो, इथे स्पष्ट लिहिते. एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे आणि परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा त्याखाली गुन्हा आहे, एक कुंडी असली तरी. 'फक्त बघायला लावलं' हे उत्तर चालत नाही. आणि आम्ही ग्वाल्हेरवाल्यांनी तर जास्तच जपावं, केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालयच आमच्या मुरारमध्ये आहे!

भाभींना मी सरळ वर घेऊन आले. त्यांनी तुळस पाहिली, हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडची मरगळलेली तुळस घेऊन आल्या, "इसको भी रख लो." भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाला आधी सांगावं. पाइपसाठी काच काढायची तर विचारावं लागणारच. दिवा पांढरा घ्यावा. रोपं पांढऱ्या दिव्यात छान वाढतात, आणि पान पिवळं पडलं, कीड लागली तर जांभळ्या उजेडात ते लवकर कळतच नाही. आम्हीही नंतर बदलला.

मग काय झालं?

वृंदावनातली तुळस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली, दर वर्षीसारखी. टेंटमधल्या तिघींपैकी एक मी जास्त पाणी घालून घालवली, कबूल करते. दोघी राहिल्या. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांना सवय लावायला घेतली : पहिल्या आठवड्यात रोज तासभर सावलीत, मग दोन तास, मग कोवळं ऊन. कपाटातलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं करपतात. पाडव्याच्या दिवशी सासूबाईंनी एक वृंदावनात लावली. दुसरी नातवाच्या खोलीच्या खिडकीत.

कोट ड्रायक्लीन करून आणला. पाठीवर एक फिकट डाग राहिला, तो गेला नाही. सासूबाईंनी तो पुन्हा टांगला, या वेळी त्यांच्या खोलीत, खुंटीवर, उघड्यावर.

त्या श्रावणात वर्षश्राद्ध होतं. गुरुजींनी तुळस मागितली. सासूबाई मला म्हणाल्या नाहीत, नातवाला म्हणाल्या, "जा रे, आपली घेऊन ये." तो गेला, आधी नमस्कार केला, मग पानं खुडली. आणि मंजिऱ्याही खुडून आणल्या. आता दिवाळीच्या आत पुडी करायचं काम त्याचं आहे.

तर मंडळी, टेंट जरूर घ्या. दिव्याचं दुकानदार सांगेल. तुम्ही आधी एक कागद घेऊन त्यावर बाण काढा : हवा कुठून येते, कुठून जाते आणि शेवटी कुठे जाते. तिसरा बाण काढता आला नाही तर टेंट तूर्तास खोक्यातच राहू द्या. आणि घरातल्या ज्या माणसापासून लपवावंसं वाटतंय, त्यालाच तो कागद आधी दाखवा.

पुढच्या अंकात पुदिना. तोवर कुंडीत पाणी बेताचं घाला!